सहावं पान

त्या रविवारी बाबांनी शिट्टी वाजवली तेव्हा भावजय केस धूत होती, धाकटा भाऊ पेपरातलं कोडं सोडवत होता, आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बटाटे सोलत होती आणि मी खुर्चीवर पाय घेऊन कुणाचं तरी प्रवासवर्णन वाचत होते. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आम्ही सगळे आई-बाबांकडे जमणार आणि शिट्टी वाजणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. कधी वाजेल ते मात्र बाबा सांगत नसत. भूकंप काय निरोप पाठवून येतो का, असं ते विचारत.

शिट्टी वाजली की हातातलं टाकून स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या चौकटीत जाऊन उभं राहायचं. चौकट तीन फूट रुंद, माणसं पाच. जागा ठरलेल्या होत्या. आई मधोमध, मी तिच्या डाव्या हाताला, धाकटा पाठमोरा, भावजय त्याला चिकटून, आणि बाबा कडेला, एक हात वरच्या आडव्या लाकडावर. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात भावजयीला सासऱ्यांच्या काखेखाली उभं राहावं लागलं होतं. ती नर्स आहे. वॉर्डात याहून जवळून ओळखी होतात, असं ती तेव्हाही म्हणाली होती.

"बाबा, खरा आला तर टोकन घ्यावं लागेल," धाकटा म्हणाला. हे तो दर महिन्याला म्हणायचा.

"घड्याळ बघतोय मी. बोलू नकोस."

भावजय डोक्याला टॉवेल गुंडाळून आली, त्यातून पाणी ठिबकत होतं. आई सगळ्यांत शेवटी आली, हातात सोलाणं तसंच. एकोणीस सेकंद. गेल्या खेपेला सोळा होते. बाबांनी कानामागची चपटी पेन्सिल काढून कॅलेंडरच्या कोपऱ्यात आकडा लिहिला आणि आईला म्हणाले, "तू नेहमी शेवटी. एक दिवस उशीर होईल तुला."

आई हसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात बोट घालून ठेवलं होतं, ते पान उघडून मी त्यात बघू लागले.

तिच्या त्या बघण्याचं कारण सांगण्याआधी चौकटीबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाबा सात वर्षांचे आणि आत्या तीन वर्षांची असताना भूकंपात आजोबांचं घर पडलं. लोक ढिगारा उपसायला आले तेव्हा विटामातीच्या राशीत एकच गोष्ट उभी होती, एक दार नसलेली चौकट, आणि तिच्यात बहिणीला पोटाशी धरून बसलेले बाबा. आजी-आजोबा त्या ढिगाऱ्यातून जिवंत निघाले नाहीत. पुढे बाबा सुतारकामाला लागले ते त्या चौकटीमुळे, असं ते स्वतः कधी म्हणाले नाहीत, आत्या म्हणायची. स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा त्यांनी गवंड्याला दोन दिवस बसवून ठेवलं आणि आधी चौकट उभी केली. पाच इंच जाडीचं लाकूड, एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. भिंती तिच्याभोवती नंतर आल्या. उरलेल्या लाकडाचं स्वयंपाकघरातलं टेबल केलं. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, आणि मिस्त्रींच्या घराची चौकट पाहायला लोक येत. इतरांच्या घरी लोक देवघर नाहीतर टीव्ही बघायला जातात, आमच्याकडे चौकट, असं धाकटा म्हणे.

सरावाची कल्पना त्यांना एका पुस्तिकेवरून सुचली होती. उमेदवारीच्या काळात, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना कारखान्यात ती मिळाली होती. मुखपृष्ठावर चौकटीत ताठ उभा असलेला एक माणूस. कागद पिवळा पडून घड्यांवर फाटला होता. सात महिन्यांपूर्वी ते मला म्हणाले की आपलं पुस्तक फार जुनं झालं, आता नवीन काय काय निघालंय ते बघ की. मी ग्रंथालयात संदर्भ विभागात काम करते. लोक काय वाटेल ते शोधायला माझ्याकडे येतात, आणि बाबांनी माझ्या नोकरीच्या एकवीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी मन लावून शोधलं. अग्निशमन दलाचं पत्रक मिळालं. माणशी पाणी किती साठवावं याचा तक्ता मिळाला. कपाटं भिंतीला कशी जखडावीत याच्या आकृत्या मिळाल्या, त्या बाबांना फार आवडल्या आणि स्क्रूच्या लांबीत त्यांनी दुरुस्तीही सुचवली. आणि आपत्ती व्यवस्थापन विभागाची सोळा पानांची नवी पुस्तिका मिळाली. तिच्या सहाव्या पानावर दोन चित्रं होती. एकात टेबलाखाली गुडघ्यांवर बसून टेबलाचा पाय धरलेली बाई. दुसऱ्यात चौकटीत उभा असलेला माणूस, अगदी बाबांच्या पुस्तिकेतल्यासारखा, आणि त्याच्यावर लाल फुली. खाली लिहिलं होतं की चौकट सुरक्षित असते हा जुना समज आहे, पडझड झालेल्या मातीच्या घरांतून चौकटी उभ्या राहिलेल्या दिसत त्यावरून तो रूढ झाला. चौकटीच्या आसऱ्याला जाऊ नका, भक्कम टेबलाखाली जा.

मी पुस्तिकेच्या झेरॉक्स काढल्या. पंधरा पानं काढली.

त्या वेळी मला हे दयाळूपणाचं वाटलं होतं. आज तसं म्हणवत नाही. माणसाचं सगळं आयुष्य एका चौकटीला टेकलेलं असेल तर तिच्यावर फुली मारलेला कागद त्याच्या हातात कसा द्यायचा, हे मी स्वतःला सांगत होते, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती. भूकंप येणार आहे हे मला खरं वाटत नव्हतं. शिट्टी, घड्याळ, कॅलेंडरवरचे आकडे, हे सगळं मी म्हातारपणातलं एक खेळणं समजत होते. खेळणं कशाला मोडायचं.

आईला मात्र सांगितलं. त्याच आठवड्यात, बाबा लाकूड आणायला गेले होते तेव्हा. खरं म्हणजे टेबलाखाली जायचं असतं, मी म्हणाले, पण बाबांना आत्ता नको सांगू. आईनं गॅस बारीक केला. ती म्हणाली, त्यांना तूच सांग, तुझं ऐकतील, माझं म्हणजे शेजारच्या रेडिओसारखं. सांगते, मी म्हणाले. कसं सुरू करायचं ते एकदा ठरलं की सांगते.

तर त्या रविवारी सराव झाला, बटाटे शिजले, जेवणं झाली. निघताना बाबा हिरवी फाइल घेऊन माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. अशी फाटकापर्यंत यायची त्यांना सवय नव्हती.

"सहा नंबरचं पान आणलंस का?"

"राहिलं, बाबा."

"पाचाच्या शेवटी बघ, वाक्य अर्धंच आहे. 'हादरे जाणवू लागताच सर्वप्रथम'. आणि सातावर एकदम गॅस बंद करा. मधे काय ते?"

"मशीननं पान खाल्लं असेल. बिघडलंय ते."

"सात महिने?" ते म्हणाले. रागावले नव्हते. सुताराला दुसऱ्याच्या हत्यारांची कीव वाटते तशी त्यांना माझ्या मशीनची कीव आली होती. "मी येऊन बघू का? बेल्ट असेल."

मी हसले. आणते नक्की, म्हणाले. ते पान तेव्हा माझ्या पिशवीत होतं, चार घड्या घालून, चष्म्याच्या घराखाली.

*

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आई त्याच टेबलाशी बसून चादरीला ठिगळ लावत होती. बाबा मागच्या शेडमध्ये रंधा मारत होते. पुढचं तिनं मला टप्प्याटप्प्यानं सांगितलं, कधी भांडी घासताना, कधी बसमध्ये, आणि प्रत्येक वेळी थोडंसंच.

आधी ताटाळ्यातली ताटं वाजली. तिला वाटलं, मांजर. मग खुर्ची तिच्याखालून सरकली. त्याच वेळी बाबा मागच्या दारातून धावत आले. हातातला रंधा त्यांनी टाकला नव्हता. टेबलाला वळसा घालून ते चौकटीत जाऊन उभे राहिले आणि मग त्यांना आठवलं की हातात रंधा आहे, तो त्यांनी जपून खाली ठेवला. आई तोवर टेबलाखाली गेली होती. तिचे गुडघे दुखतात, ती खाली बसत नाही, पण कशी गेली ते तिला आठवत नाही. टेबलाखालून तिला बाबांचे पाय दिसत होते, मग त्यांनी वाकून पाहिलं तेव्हा तोंड दिसलं.

"अगं, इकडे ये," ते म्हणाले.

"तुम्ही इकडे या," ती म्हणाली.

चार पावलांचं अंतर होतं. त्यांनी हात पुढे केला. पुन्हा म्हणाले, या खेपेला मोठ्यानं, आणि आई सांगते की त्यांच्या तोंडावर भीती नव्हती, सरावाच्या दिवशी ती शेवटी आली की असायचा तो वैताग होता. घड्याळ बघायला त्यांची मान खरंच वळली होती म्हणे. तिनं पुन्हा सांगितलं. ते तिला ऐकू आलं नाही, तिचं तिलाच. भिंतीचा आवाज फार मोठा होता.

चौकट जागची हलली नाही. तिच्यावरची भिंत आत आली.

*

सतराव्या दिवशी पालिकेच्या इंजिनिअर बाईंनी सामान काढायला अर्ध्या तासाची परवानगी दिली. आत फक्त त्या आणि एक जण, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. धाकटा गेला. आम्ही बाकीचे अंगणात थांबलो. समोरची भिंत पडल्यामुळे घर नाटकाच्या सेटसारखं उघडं दिसत होतं. मागे आकाश होतं आणि मधोमध चौकट.

शेजारच्या चष्मेवाल्यांनी खुर्च्या पाठवल्या होत्या. आत्या एकीवर पदर घट्ट लपेटून बसली होती. त्या दिवसांत ती कुणाशीच फारसं बोलत नव्हती. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई ती. चष्मेवाल्यांनी तिला फोनवर जे सांगितलं होतं ते तिच्या कानातून जात नव्हतं. मिस्त्री हाक मारत होते, आम्हाला कुंपणापलीकडे ऐकू आलं, दोनदा, अगं इकडे ये म्हणून. उत्तर आलं नाही. आत्यानं हजारो कॉल जोडले होते. घंटा वाजते आहे आणि पलीकडून कुणी उचलत नाही, याचा अर्थ काय होतो ते तिला चांगलं माहीत होतं. पलीकडे कुणीतरी असतं आणि उचलत नाही. तीन वर्षांची असताना तिला ज्या हातांनी चौकटीत ओढलं होतं ते हात दुसऱ्या वेळी रिकामे राहिले, एवढंच तिला दिसत होतं.

हे तिनं धाकट्याला सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून धाकटा आईशी बोलत नव्हता. बस डेपोतल्या त्याच्या क्वार्टरमध्ये त्यानं आईसाठी खिडकीजवळचा पलंग मोकळा करून ठेवला होता, गादीही नवी आणली होती, आणि ये म्हणत नव्हता. आई माझ्याकडे राहत होती. ती काही मागत नव्हती. फक्त संध्याकाळी फोन वाजला की हात पुसायची, धाकट्याचा असेल म्हणून.

धाकट्यानं सगळ्यांत आधी बाबांची हत्यारं बाहेर आणली, मग शिलाई मशीन, मग स्वयंपाकघरातलं टेबल. टेबल बाहेर काढायला त्याला आणि इंजिनिअर बाईंना दोघांना लागावं लागलं. वर चुन्याचा थर होता, एका कोपऱ्याचा टवका उडाला होता, बाकी काही नाही. त्यांनी ते अंगणाच्या मधोमध ठेवलं. त्याच्यावर कुणी काही ठेवेना. आत्यानं खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली.

शेवटी भावजयीनं थर्मास उचलला, पदरानं टेबलाचा एक कोपरा पुसला आणि त्यावर कप मांडले. तिनं सगळ्यांना चहा दिला. आत्याला देताना म्हणाली, "घ्या हो आत्या. चहाशी कसलं भांडण."

"भांडण कुणाशीच नाही," आत्या म्हणाली. मग कप हातात धरून, आईकडे न बघता, "मला फक्त एक विचारायचंय. वहिनी, दादा तुम्हाला हाक मारत होता ना?"

तुम्हाला. चाळीस वर्षं ती आईला तू म्हणत आली होती. दोघींनी एका ताटात जेवून दिवस काढले होते. आईनं कप बशीत ठेवला.

"मारत होते," आई म्हणाली.

"आणि तुम्ही टेबलाखाली होतात."

"हो."

"चार पावलांवर."

"आत्या," भावजय म्हणाली, "त्या गेल्या असत्या तर आपण आज दोघांसाठी रडत असतो. रुग्णालयात त्या दिवशी मी एकशे सहा माणसं पाहिली. कुणी कुठे उभं होतं यावर घरातल्यांनी भांडायचं ठरवलं तर वॉर्डात बेड पुरणार नाहीत."

आत्यानं चहाचा घोट घेतला. भावजय असं कुणाला बोलत नाही. माझ्या मनात आलं, संपलं, एवढ्यावर निभावलं. हे मनात आलं याची मला आजही लाज वाटते.

धाकटा पायरीवर बसून हेल्मेटचा पट्टा सोडवत होता. आत असताना इंजिनिअर बाईंनी चौकटीवरून हात फिरवला होता आणि म्हणाल्या होत्या की काम फार सुरेख आहे, कुणी केलं. आमच्या बाबांनी, तो म्हणाला. मग त्या जरा थांबून म्हणाल्या की चौकट उभी राहते हो, पण भिंतीला धरून ठेवत नाही, म्हणून टेबलाखाली जायचं असतं. मी गाड्या दुरुस्त करतो, त्यानं मला नंतर सांगितलं, एखादा भाग चांगला असून गाडी का उलटते ते मला कळतं. पण बाबांच्या बाबतीत ते कळून घ्यायला मला तिथे उभं राहावं लागलं. हे तो बाहेर येऊन कुणाला बोलला नव्हता. आत्यासमोर बोलण्यासारखं नव्हतंच. पण त्याच्या मनातला आईवरचा राग तेवढ्या वेळात एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसला होता, आणि ही दुसरी जागा पहिलीपेक्षा वाईट होती.

"आत्याचं सोड," तो म्हणाला. सतरा दिवसांत आईशी पहिल्यांदा बोलत होता. "तू गेली नाहीस ते बरोबरच केलंस. टेबलाखालीच जायचं असतं. आत त्या बाई पण तेच म्हणाल्या."

आत्यानं मान वर केली. आईच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. ती पुढे झुकली.

"पण तुला कसं माहीत होतं?" धाकटा म्हणाला.

आई मागे सरकली.

"दर महिन्याला तू चौकटीत येऊन उभी राहत होतीस. कधी टेबलाकडे बघितलं पण नाहीस. आणि खरा आला तर बरोबर टेबलाखाली. माहीत होतं तुला. मग त्यांना का नाही सांगितलंस?"

"मला तेव्हा सुचलं," आई म्हणाली.

"सुचलं? आई, शिट्टी वाजल्यावर हातातलं सोलाणं खाली ठेवायचं तुला सुचत नव्हतं."

हे ऐकून भावजय क्षणभर हसली, आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला. धाकटाही हसला असता. तो दर महिन्यातला त्याचा आवाज होता, चुकून निघालेला. पण आई खाली बघत होती.

"सुचलं खरंच," ती म्हणाली. "गुडघे दुखत होते माझे. चालवेना. खाली बसले."

इतकं वाईट खोटं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस जमिनीवर बसत नाही हे आत्यालाही कळलं. ती आईकडे आता वेगळ्या नजरेनं बघत होती, राग जरा बाजूला ठेवून, कान देऊन, लाइनवर पलीकडे कुणी श्वास घेतंय का हे ऐकावं तशी. "वहिनी," ती हळू म्हणाली, "कुणी सांगितलं होतं तुला?"

तू म्हणाली. पण आईनं ते ऐकलं नसावं.

धाकट्यानं मांडीवरचं सामान चाळायला घेतलं. हातांना काही काम हवं होतं म्हणून. त्यात हिरवी फाइल होती. शेडमधल्या बाकाच्या खणात सापडली, तो म्हणाला, बाक तर शाबूत आहे, त्याखाली हत्ती बसला असता. त्यानं नाडी सोडली. अग्निशमन दलाचं पत्रक, पाण्याचा तक्ता, स्क्रूच्या बदललेल्या लांब्या. मग माझ्या झेरॉक्स. पानांच्या कडा बाबांच्या बोटांनी काळवंडल्या होत्या. पाचव्या पानाच्या तळाशी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं, त्यांचं अक्षर, मोजमापं लिहावीत तसं सुटं सुटं. धाकट्यानं ते मोठ्यानं वाचलं.

"पान सहा राहिले. पोरीकडून घेणे."

त्याच्या खाली तारीख होती. तिच्याखाली दुसरी, मग तिसरी, ज्या ज्या रविवारी त्यांनी विचारलं त्या सगळ्या. शेवटची तारीख त्या रविवारची.

"ताई, सहावं पान कुठंय?" धाकट्यानं अगदी साधेपणानं विचारलं. पुढचं वाचायचं होतं म्हणून.

मी उत्तर द्यायच्या आत आई बोलली. "तिचं मशीन बिघडलं होतं," ती म्हणाली. "सांगत होती ती. पान खाल्लं मशीननं."

माझंच खोटं, माझ्याच शब्दांत. फाटकाशी मी ते बाबांना सांगितलं तेव्हा ती मागे स्वयंपाकघरात होती. खिडकी उघडी असणार. म्हणजे तिनं ते ऐकलं होतं, आणि तेव्हापासून जपून ठेवलं होतं, कधी लागलं तर मला द्यायला. नवऱ्यानं मारलेल्या हाकेला ओ न देणारी बाई म्हणून आयुष्यभर राहायची तिची तयारी झाली होती, आणि तिनं ती माझ्याशी एक शब्द न बोलता केली होती. तिचा हात येऊन माझ्या मनगटावर पडला. शिवणकामानं बोटं खरखरीत झालेली होती. हलकेच दाबलं तिनं. लहानपणी लोकांसमोर गप्प बस म्हणायचं असेल तर ती असंच दाबायची.

इंजिनिअर बाई कुंपणापाशी घड्याळ बघत होत्या. अर्धा तास संपत आला होता.

"मशीन बिघडलं नव्हतं," मी म्हणाले.

मनगटावरचा हात घट्ट झाला.

"ते पान मी काढून ठेवलं. मुद्दाम. आईला टेबलाचं मी सांगितलं, त्याच आठवड्यात, आणि बाबांना सांगू नको म्हणाले. तिनं विचारलं तर म्हणाले, मी सांगते. ती सात महिने वाट बघत होती माझ्या सांगण्याची. तिला काही विचारू नका. मला विचारा."

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. भावजयीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याला कळलाच नसावा. आत्या खुर्चीतून उठली. मला वाटलं, माझ्याकडे येतेय. ती टेबलाला वळसा घालून आईपाशी गेली आणि तिच्या शेजारी, पायरीवर बसली. जाताना तिचा कप टेबलावर ठेवला गेला.

"काय होतं त्या पानावर?" धाकट्यानं विचारलं. आवाज बाबांसारखा आला. पाचवं पान अजून त्याच्या हातात होतं. त्यानं तळाची ओळ वाचली, जिथे ती तुटते तिथपर्यंत. "हादरे जाणवू लागताच सर्वप्रथम", आणि थांबला.

ते पान माझ्या पिशवीतच होतं, चष्म्याच्या घराखाली. ते काढायची गरज नव्हती. सात महिने मी ते वाक्य कसं सुरू करायचं याचा विचार करत होते. आधी त्यांच्या चौकटीची तारीफ करून, की आजोबांच्या घरापासून, की नुसतंच पान टेबलावर ठेवून निघून जायचं. इतकं काही लागलंच नसतं. आईचा हात मी माझ्या हातानं सोडवला आणि घराकडे वळले. चौकटीच्या उंबऱ्यावर रंधा तसाच होता, जपून ठेवलेला.

"बाबा," मी म्हणाले, "चौकटीत नका उभे राहू. टेबलाखाली या."